फुकट कोथिंबीर आणि एकसष्ट तारे

एकोणीस जानेवारी. काम: चौतीस गाळण्यांवरची किमतीची लेबलं काढणे.

हळदीकुंकवाचं वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. लेबलं नखानं निघत नव्हती, म्हणून खोबरेल तेल लावून घासत होते आणि मनातल्या मनात बंगळूरच्या एका कंपनीला शिव्या घालत होते. (गणिताची शिक्षिका आहे; दोन कामं एका वेळी जमतात.)

आठ वर्षांपूर्वी पाय मोडून मी दीड महिना पलंगावर होते. तेव्हा माझ्या लेकीनं, केतकीनं, फोनवर एक खेळ टाकून दिला: ‘आठवडी बाजार’. आपण भाजीचं दुकान लावायचं. गिऱ्हाईक घासाघीस करतं, आपण तराजूत तोलायचं आणि वरून कोथिंबिरीच्या चार काड्या टाकायच्या. काड्या टाकल्या की गिऱ्हाईक हसतं. पाय बरा झाला, खेळ सुटला नाही.

यंदा संक्रांतीला कंपनीनं तोच खेळ नव्यानं बनवून आणला आणि जुना बंद केला. नव्यात वांगी इतकी चकचकीत की त्यांच्यात बघून भांग पाडावा! आणि कोथिंबीर? कोथिंबिरीला एकोणतीस रुपये! खेळातले नाहीत, खरे!

मी तिथल्या तिथे एक तारा दिला आणि ‘जुनं गिऱ्हाईक’ या नावानं लिहिलं, “मेथीच्या जुडीला माती नाही, म्हणजे ती मेथीच नाही. आणि कोथिंबिरीचे पैसे मागता? लाज वाटू द्या.”

पण एका ताऱ्यानं काय होतं? संध्याकाळी बायका आल्या, तेव्हा मी क्रमच बदलला. हळद, कुंकू, तिळगूळ, मग फोन. वाण शेवटी.

“काहून वो बाई,” शेजारच्या सुलभाताई म्हणाल्या, “फोनलेही हळदीकुंकू लावता काय आता?”

“ताई, ते लोक कोथिंबिरीचे पैसे घेऊन राहिले.”

“कोथिंबिरीचे? मेले ते! कुठी दाबू, सांगा.”

आमच्या वाय-फायवर चौतीस बायकांनी खेळ उतरवून घेतला आणि चौतीस तारे पडले. नाव-गाव लिहिल्याशिवाय तक्रारीला वजन येत नाही, असं मीच बजावल्यामुळे प्रत्येकीनं खाली लिहिलं: ‘सौ. अमुक तमुक, अमरावती.’ अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या माझ्या नणंदेला, कुसुमताईंना, हे फोनवर सांगितलं तर त्या पेटल्याच. “वहिनी, आमच्या भजनी मंडळात सत्तावीस बाया हायेत. आरतीच्या आंधी उरकून टाकतो!” माझा सोडून एकूण एकसष्ट. मी समाधानानं झोपले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून केतकीचा फोन आला. ती खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे हे मला माहीत होतं. कुठला खेळ, हे तिला सांगायला बंदी होती.

“आई, आता लपवण्यात अर्थ नाही. दीड वर्षं आम्ही सहा जण ‘आठवडी बाजार’च नव्यानं करत होतो. बंगळूरवाले पैसे घालतात, बनवतो आम्ही. पण पहिल्याच आठवड्यात एक-एक तारे पडलेत! उद्या अकराला त्यांची बैठक आहे. बहुतेक आमची टीम बंद करतील.”

मी कणीक मळत होते. हात परातीतच राहिला.

“आणि गंमत म्हणजे सगळे अमरावती-अकोल्याचे! कुणीतरी मुद्दाम करतंय. तुझ्या ओळखीत आहे का गं कुणी?”

“बघते,” मी म्हटलं. आवाज शेजारणीचा असल्यासारखा आला.

घरातल्या वकिलांना, म्हणजे यजमानांना, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “कटाची सूत्रधार तू. आता तारे बदलायला निघालीस, तर पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा.”

“पोरीची नोकरी जाऊन राहिली आणि तुम्ही कलमं सांगता?”

कणकेच्या हातानंच गाडी काढली. छातीत अशी धडधड, की इंजिन चालू झालं का नाही ते कळेना. घरोघरी जाऊन एकाचे पाच तारे करून घ्यायचे! पण सुलभाताई अडल्या.

“मी त रोज खेळून राहिली ना वो. खरंच बेक्कार हाय! पाच काहून देऊ? संक्रांतीच्या महिन्यात खोटं बोलू काय?”

“ताई, माझ्यासाठी.”

“गाळणी वापस पायजे का?”

“नको! पाच तारे द्या फक्त!”

दिले, पण माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी निवडणुकीला उभी आहे. तिसऱ्या गल्लीतल्या एकीनं तर चुकून गॅस बुकिंगच्या ॲपलाही एक तारा दिला होता. तिला आता सिलिंडर मिळतो का नाही, ही काळजीही माझ्याच डोक्यावर! काय लिहायचं ते कुणाला सुचेना, म्हणून मीच वाक्य सांगितलं: ‘खेळ खूप छान आहे, कोथिंबिरीसकट.’ कुसुमताईंनी तेच सत्तावीस जणींना लिहायला लावलं. सात वाजेपर्यंत एकसष्टच्या एकसष्ट बदलले, शेवटी माझाही. मी घरी येऊन पाणी प्यायले, तोच फोन.

“आई, आता तर कहर झाला! दुपारपासून एकसष्ट जणींनी पाच तारे दिलेत. सगळ्यांचं वाक्य एकच! बंगळूरवाले म्हणतात, आम्हीच भाड्यानं माणसं आणून खोटे तारे दिले!”

मी खाली बसले. “केतकी, ‘जुनं गिऱ्हाईक’ म्हणजे मी.”

“मेथीची माती वाचली तेव्हाच शंका आली होती. म्हटलं, माझी आई असं नाही करणार. आणि बाकीच्या? खऱ्या बायका आहेत त्या?”

“खऱ्या म्हणजे? हळदीकुंकवाला आल्या होत्या!”

“अगं आई! कोथिंबीर फुकट ठेवा म्हणून मी त्यांच्याशी आठ महिने भांडले. खऱ्या माणसांना राग येतो, एवढंच तर मला दाखवायचं होतं! तो राग तू पुसून टाकलास?”

“परत एक-एक करायला लावू?” मी गाडीची किल्ली उचलली.

“आता पुन्हा गेलीस,” वकील म्हणाले, “तर बाया दार उघडणार नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून मी कंपनीला पत्र लिहिलं. मी केतकीची आई. पहिले एकसष्ट तारे खरे, नंतरचे खोटे, दोन्ही माझ्यामुळे. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. कोथिंबिरीबद्दल मात्र तिचंच बरोबर आहे. यजमानांनी त्याचं इंग्रजी केलं (ते नोटिशीसारखं झालं) आणि पुरावा म्हणून हळदीकुंकवाच्या दिवशीचा फोटो जोडायला लावला: चौतीस बायका, चौतीस गाळण्या. केतकीनं ते आठ वाजता बंगळूरला धाडलं.

पावणेअकराला शाळेच्या स्टाफरूममध्ये मी बैठकीला उरलेली पंधरा मिनिटं मोजत होते. काहीतरी केलंच पाहिजे, म्हणून खेळ उघडला आणि एकोणतीस रुपये भरून कोथिंबीर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा! कंपनीला तेवढीच मदत.

पावणेबाराला केतकीचा मेसेज आला: ‘टीम राहिली. फोटो बघून ते पाच मिनिटं हसत होते. आजपासून कोथिंबीर फुकट.’

मी डोळे मिटून देवाला हात जोडले. मग डोळे उघडून लिहिलं, ‘माझे एकोणतीस परत मिळतील का?’

‘नाही, आई.’

खोटं कशाला सांगू, बोट एका ताऱ्यावर जाऊन पोचलं होतं.