थोरलेपणाची जॉयस्टिक

झेझकझगानच्या भोवतालच्या माळावर आकाशातून माणसं उतरतात आणि आम्हा गावकऱ्यांना त्याचा उगाचच माज आहे. यान पडतं ते कुत्रंही फिरकत नाही अशा जागी. हेलिकॉप्टरवाले येतात, माणसं उचलतात, निघून जातात. पण चहाला बसलं की प्रत्येक घरात एक तरी असा निघतोच, ज्यानं स्वतः हात देऊन अंतराळवीराला बाहेर ओढलेलं असतं. एवढ्या जणांनी ओढल्यावर तो बिचारा जिवंत राहिला कसा, हेच नवल.

येसिर्केपचीही अशी एक गोष्ट होती. तांब्याच्या खाणीत उभा जन्म डंपर चालवून तो निवृत्त झाला होता. एकदा पहाटे लाल-पांढरं पॅराशूट उतरताना आपण पाहिलं, असं तो सांगे. त्याची बायको कुलपाश लगेच म्हणे, "पॅराशूट कसलं! समोरच्या बाईची वाळत घातलेली चादर उडाली होती." आणि सगळ्यांच्या आधी येसिर्केपच हसत सुटे. म्हणे, "असेल चादर. पण उतरली मात्र फार सफाईनं!" माणूस असा. दुसऱ्यानं टोपी उडवायच्या आत हा स्वतःच उडवून मोकळा.

फक्त एका बाबतीत त्याला हसू येत नसे. ती बाब म्हणजे त्याचा व्याही ओराझगाली.

येसिर्केपची लेक करागांदीला ओराझगालीच्या घरी दिलेली. ओराझगाली पूर्वी दक्षिणेकडे कापसावर फवारणीचं विमान चालवायचा, आणि अजूनही खुर्चीत बसताना पट्टा शोधायचा. दोघे व्याही एकाच सालचे. महिना कुणालाच ठाऊक नाही. दोघांच्याही बापांनी जन्माची नोंद शहरात जाणं झालं तेव्हा, आठवेल तशी केलेली. त्यामुळे थोरला कोण, हा वाद लग्नाच्या मांडवात सुरू झाला तो संपेचना. आमच्याकडे हा वाद साधा नाही. जेवणाआधी धाकट्यानं तांब्या घेऊन थोरल्याच्या हातावर पाणी घालायचं, टॉवेल धरायचा. दोघे एकत्र बसले की तांब्याकडे दोघेही असे बघत, जणू पूर्वी कधी तांब्या पाहिलाच नाही. शेवटी कुणीतरी सून पुढे होई आणि अब्रू वाचे.

एका हिवाळ्यात जावयानं दोघांच्याही घरी संगणकावर एक खेळ बसवून दिला. यान उडवायचं आणि फिरत्या अंतराळ स्थानकाला हळूच नेऊन जोडायचं. फोनवर दोघांची जुंपली.

"विमान चालवलेल्या माणसाला हे म्हणजे पोरखेळ आहे," ओराझगाली म्हणाला. "तू आपला खड्ड्यातला ड्रायव्हर. तुला वर बघायची सवय तरी आहे का?"

"तू वरून औषध मारायचास. कापूस वाचला, आळ्याही वाचल्या, फक्त खाली उभी असलेली माणसं आजारी पडली!"

"मग लाव पैज. वसंतात आम्ही येतोच आहोत तुमच्याकडे. जो यान जोडेल तो थोरला. हरेल त्यानं जन्मभर आगा म्हणायचं आणि हातावर पाणी घालायचं. सगळ्यांदेखत."

"लावली!" येसिर्केप म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला आठवलं, आपण अजून खेळ सुरूही करून पाहिलेला नाही.

दुसऱ्याच दिवशी तो बाजारात शिनारच्या दुकानात गेला. शिनार मोबाईल दुरुस्त करते आणि मागच्या फळीवर खेळांचं सामान ठेवते. तिनं त्याच्या हातात एक छोटा गेमपॅड दिला.

"काका, एवढ्यावर काम भागतं."

येसिर्केपनं तो तळहातावर तोलला. "पोरी, ही साबणाची वडी आहे. मी यान उडवणार आहे, अंघोळ करणार नाही."

त्याची नजर वरच्या खोक्यावर होती. त्यात विमानाची असते तशी काळी जाडजूड जॉयस्टिक, शेजारी वेग वाढवायचा वेगळा लिव्हर, आणि बटणं इतकी की गावातली सगळी दुखणी त्यावर नोंदवता यावीत. लिव्हर जिथे सोडावा तिथेच राहत होता. डंपरवाल्याला ते फार पटलं. जो लिव्हर आपली जागा सोडत नाही तो इमानदार, असं त्याचं मत.

"काका, हे विमानांच्या खेळासाठी आहे," शिनार म्हणाली.

"यान काय बैलगाडी आहे? विमानाचंच थोरलं भावंड ते!"

घरी नेऊन त्यानं ते टेबलाला स्क्रूनं आवळलं. कुलपाशनं त्यावर लेसचा रुमाल टाकला, कारण आमच्याकडे लेस न टाकलेली वस्तू उघडी समजली जाते. रुमाल काढून येसिर्केपनं लिव्हर जरासा पुढे केला, यान निघालं, आणि तो समाधानानं चहाचा घोट घ्यायला वळला. परत बघतो तर स्थानकाचा पंख मोडून यान पलीकडे गेलेलं.

अंतराळात ब्रेक नाही, ही बातमी त्याला अशी कळली. डंपरच्या ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डंपर आपोआप मंदावतो. इथे एकदा ढकललं की ढकललं. थांबायचं तर तेवढंच उलटं ढकलायचं. आणि त्याचा तो इमानदार लिव्हर सोडल्या जागी बसून यानाला ढकलतच राहायचा. आठवडाभरात त्यानं एवढी स्थानकं मोडली की कुलपाश म्हणाली, "अहो, आता वर काही शिल्लक आहे का, की रशियन लोकांना कळवू?"

तो खोकं घेऊन परत दुकानात गेला. शिनारनं खोकं उघडूनही न बघता चहा पुढे केला, हेच त्याला जास्त लागलं.

मग सल्ल्यांचा पूर आला. न्हावी म्हणाला, मूठ पिळता येणारी एकच जॉयस्टिक घे. पुढे-मागे, डावी-उजवी, सगळं एकाच हातात. येसिर्केपनं तीही आणली. पण ताण आला की त्याची मूठ आपोआप पिळली जाई आणि यान भोवऱ्यासारखं गरगरे. वरच्या मजल्यावरचा निवृत्त मास्तर म्हणाला, गाडीचं स्टिअरिंगच लावा. येसिर्केपनं मनातल्या मनात ते लावूनही पाहिलं आणि स्वतःच्याच मूर्खपणावर खूश होऊन दिवसभर हसला.

शेवटी तो शिनारसमोर बसला. "पोरी, मी गाढव. आता तू सांग."

"काका, दोन हवेत. डाव्या हाताची यानाला सरकवायला. वर, खाली, पुढे, मागे. उजव्या हाताची यानाचं तोंड वळवायला. आणि दोन्ही स्प्रिंगच्या. हात सोडला की मधोमध येणाऱ्या. म्हणजे तुम्ही विसरलात तरी यान विसरणार नाही."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

ऐकलं नसतं, हे त्यानं कबूल केलं. तिनं जोडी बांधून दिली आणि ती साबणाची वडीही पिशवीत टाकली, अडीअडचणीला म्हणून.

ती जोडी त्याला लाभली. सुरुवातीला दोन हात एकमेकांशी भांडले, मग समेट झाला. वसंत येईतो येसिर्केप यान असं नेऊन जोडायचा की जणू झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालतोय. मग तो उठून आरशासमोर जाई आणि ओले हात पुढे करून थोरल्याच्या आवाजात म्हणे, "घाल, ओराझगाली, घाल. जरा कोमट असतं तर बरं होतं." कुलपाशनं दाराआडून ते ऐकलं आणि ऐकलं म्हणजे बाजारात पोचलंच.

ठरल्याप्रमाणे व्याही आले. लेक, जावई, नात एर्केझान, आणि सर्वांच्या पुढे ओराझगाली, काखेत स्वतःची जॉयस्टिक. शेजारीपाजारीही जमले होते. मांस शिजत होतं, तळलेल्या बाउरसाकांचा ढीग पडला होता. ओराझगालीनं येसिर्केपला एकदा सराव करताना पाहिलं. यान अलगद जाऊन बसलं. ओराझगालीचा चेहरा उतरला. तो उठला, गॅलरीत गेला आणि नातीला हाक मारली. काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही.

चहा ओतला जात होता तेव्हा एर्केझान पुढे आली. विद्यापीठात शिकणारी, धिटुकली पोरगी. "नगाशी आजोबा," ती आईच्या वडिलांना म्हणाली, "मी तुमच्याकडे आजवर काहीच मागितलेलं नाही."

मुलीच्या लेकरानं आईच्या माहेरी काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. घोडा मागितला तरी द्यायचा.

"माग, बाळे."

"या दोन जॉयस्टिका."

ओराझगाली अतिशय मन लावून गालिच्यावरची नक्षी बघत होता.

"उद्या जाताना घेऊन जा हं," येसिर्केप म्हणाला.

"बाबा," त्याची लेक हळूच म्हणाली. एवढंच. सासरच्या माणसांसमोर माहेरानं आज-उद्या केलं, हे तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

येसिर्केपनं तिच्याकडे पाहिलं. मग उठला, स्वतः स्क्रू सोडले, जॉयस्टिका पुसल्या, कुलपाशच्या चांगल्या शालीत गुंडाळल्या आणि नातीच्या हातात ठेवल्या. "सुखात राहा. पण एक सांग, तुझ्या त्या आजोबानं गॅलरीत तुला काय कबूल केलं?"

"नवे बूट," पोरगी लाल होऊन म्हणाली.

"बूट!" येसिर्केप व्याह्याकडे वळला. "माझी इज्जत तू बुटांवर घेतलीस?"

"चांगले चामड्याचे आहेत," ओराझगाली पुटपुटला.

ओराझगालीनं आपली जॉयस्टिक लावली. त्याचं यान वाकडं आलं, धडकलं, मागे गेलं, पुन्हा आलं आणि दणकन जोडलं गेलं. टाळ्या पडल्या. मग कुलपाशनं चमच्यांच्या खणातून साबणाची वडी आणून नवऱ्याच्या हातात दिली. डंपरवाल्याचे अंगठे! एका अंगठ्याखाली तीन बटणं दबत. तो सोफ्यावर डावीकडे कलला की सगळी खोली डावीकडे कलायची. यान स्थानकापाशी आलं, दार समोर दिसलं, अगदी कडेला लागलं, आणि तिथून अदबीनं पुढे निघून गेलं. इंधन संपलं. यान लहान लहान होत गेलं.

"कुठे चाललं हो?" कुलपाशनं विचारलं.

"माहीत नाही," येसिर्केप म्हणाला. "पण आपल्यापेक्षा लांबचा प्रवास करणार ते, एवढं नक्की." आणि त्याला हसू फुटलं, ते थांबेना.

मांसाची परात आली. येसिर्केपनं तांब्या उचलला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि ओराझगालीसमोर वाकला. "आगा, हात पुढे करा."

ओराझगालीनं दोन्ही हात पुढे केले. त्याचं तोंड आनंदानं तेलकट दिसत होतं. येसिर्केपनं चार थेंब घातले आणि तांब्या वर धरून थांबला.

"तर मंडळी, झालं असं. आमचे हे थोरले करागांदीहून निघाले..."

त्यानं पहिल्या लिव्हरपासून सांगायला घेतलं. मोडलेली स्थानकं सांगितली, न्हाव्याचा सल्ला सांगितला, आरशासमोरचे ओले हातही सांगितले. मध्येच एखादा थेंब पडे. थोरल्याचे हात धुऊन होईतो परातीला हात लावायचा नसतो, त्यामुळे वीस माणसं भुकेली बसली होती आणि पोट धरून हसत होती. बुटांपाशी गोष्ट आली तेव्हा मांसावरची चरबी गोठू लागली होती.

"अरे घाल की पाणी!" ओराझगाली ओरडला.

"घालतो ना, आगा. थोरल्यांच्या हातावर भसाभसा ओतलं तर लोक काय म्हणतील?"

त्याला दीड वर्ष झालं. दर बारशाला, दर लग्नाला येसिर्केप तांब्या घेऊन सर्वांच्या आधी उठतो. ओराझगाली न्हाणीघरात गुपचूप हात धुऊन येतो, तर हा म्हणतो, "आगा, वाटेत दाराच्या कडीला हात लागला तुमचा. मी पाहिलं." आणि गोष्ट पुन्हा सुरू. परवा कुणाच्या तरी लग्नात ओराझगालीनं त्याला कोपऱ्यात गाठलं.

"येसिर्केप, माझ्या बाबा, तू थोरला. मी लिहून देतो. तो तांब्या इकडे दे."

"छे, आगा," येसिर्केप म्हणाला आणि टॉवेल नीट खांद्यावर घेतला. "पैज म्हणजे पैज. चला, लोक खोळंबलेत."