चकतीवरचं कुंकू

आमच्या जामसंड्याच्या घराला मागे एक पडवी होती. तिथे मी नारळ, सोलं आणि पावसाळ्यासाठी सुकवलेली लाकडं ठेवायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी तिथे यंत्र आलं आणि नारळ माझ्या पलंगाखाली गेले. यंत्राचे जनक म्हणजे आमचे हे. हायस्कुलात तांत्रिक विषय शिकवायचे. दिवसभर मुलांना कानस कशी धरायची ते शिकवूनही ह्यांच्या हातांचं समाधान होत नसे, म्हणून घरी येऊन लाकूड आपोआप कोरणारं यंत्र बनवत बसायचे. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. मूलबाळ आम्हाला नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, "ता बरा आसा गो, तेंचो जीव रमता." माझा जीव कशात रमतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

यंत्र म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढी लोखंडी चौकट. तिच्यात तीन मोटारी होत्या, मुंबईच्या भंगारातून निवडून आणलेल्या. एक मोटार कोरणारं डोकं डावी-उजवीकडे न्यायची, दुसरी पुढे-मागे, तिसरी वर-खाली. भिंतीवर बटणांची पाटी होती. हे बटण दाबायचे, डोकं एक पाऊल सरकायचं. पुन्हा दाबायचे, पुन्हा सरकायचं. अशा रीतीने गुलाबाची एक पाकळी कोरायला एक रविवार लागायचा. "ह्या आपोआप कसा?" असं मी एकदाच विचारलं. त्यावर ह्यांनी अर्धा तास उत्तर दिलं, त्यामुळे पुन्हा विचारलं नाही.

पुढे माझा भाऊ आखातातून सुट्टीवर यायचा होता. त्याने पत्रातून विचारलं, ताईसाठी काय आणू? मी लिहिलं, मिक्सर. ह्यांनी त्याच पाकिटात आपली वेगळी चिठ्ठी टाकली. भाऊ आला तो टीव्हीला जोडायचा छोटा संगणक घेऊन. ताईसाठीच आणला होता म्हणे. मी पुढची कित्येक वर्षं वाटण पाट्यावर वाटलं आणि दंड मजबूत राहिले, याबद्दल दोघांचे आभार.

संगणक आल्यावर बटणांची पाटी गेली. तिच्यावर एक मोठं तांबडं बटण होतं. ते दाबलं की सगळं जागच्या जागी थांबायचं. यंत्रातलं मला आवडलेलं तेवढंच. ह्यांनी तेही काढलं. आता थांबवायचं कामसुद्धा संगणक करणार होता. संगणकाला काय कोरायचं ते कॅसेटमधून सांगावं लागे. कोऱ्या कॅसेटी देवगडच्या बाजारात नव्हत्या, पण माझ्या भजनांच्या कॅसेटी घरात होत्या. टेप लावला की अभंगाची एक ओळ यायची आणि मग कोणाचा तरी गळा आवळल्यासारखी किंकाळी सुरू व्हायची. ती म्हणे कमळाची नक्षी होती. टीव्ही त्या कामात अडकल्यामुळे माडाला बांधलेली अँटेना फक्त कावळ्यांच्या उपयोगी पडत होती.

एवढ्याने भागेल तर ते आमचे हे कसले? नक्षीला चार तऱ्हेची हत्यारं लागत. एक टोकदार, रेघ मारायला. एक जाड, आजूबाजूचं लाकूड खरवडून काढायला. एक बारीक आणि एक गोल तोंडाचं. हत्यार बदलायचं तर यंत्र थांबवून पाना घेऊन झटापट करावी लागे. ते ह्यांना कमीपणाचं वाटू लागलं. यंत्राने आपलं हत्यार आपण बदललं पाहिजे. त्यासाठी एक फिरती चकती हवी, तिला चार भोकं हवीत, भोकात एकेक हत्यार उभं. चकती फिरणार, हवं ते भोक पुढे येणार, यंत्राचं डोकं खाली उतरून हत्यार उचलणार. चकतीसाठी चांगला सपाट जाड पत्रा कुठे मिळतो, हा प्रश्न आठवडाभर घरात फिरत होता. रविवारी पीठ मळायला परात शोधली तेव्हा त्याचं उत्तर मला मिळालं.

चकती बसली त्या दिवशी हे माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. मी आडाळीवर, म्हणजे विळीवर, बसून खोबरं खवत होते. "तुका एक गंमत सांगतंय," म्हणाले. "यंत्राक हत्यार कळणा नाय. तेका भोकाचो नंबर तेवढो कळता. एक नंबर म्हटला की तेच्यात जा काय आसा ता उचलतला." मी म्हटलं, "म्हणजे तुमच्यासारख्याच. पानात जा वाढला ता खातास." हे हसले. मी खवत राहिले. मुद्द्याचं बोलणं मी तेवढंच ऐकलं होतं आणि तेही टोमणा मारण्यापुरतंच.

त्या वर्षी पावसात देवळातल्या पालखीची एका बाजूची फळी कुजली. जुने सुतार डोळे गेल्यामुळे लेकाकडे मुंबईला जाऊन राहिले होते. मानकरी आणि चार मंडळी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसली. चहा झाला, पावसावर बोलणं झालं, भातावर झालं, आणि मग मानकरी पडवीकडे मान करून म्हणाले, "मास्तर, तुमच्या त्या खेळण्यान फळी होतली काय?" खेळणं हा शब्द ह्यांना लागला. तीन वर्षं अख्खं जामसंडं तोच शब्द वापरत होतं, मीही त्यात होते, पण मानकऱ्यांच्या तोंडून तो वेगळा लागला असावा. हे म्हणाले, "होतली. दसऱ्याक तुमी सगळे येवा. तुमच्यासमोर कोरतलंय. हात लावचंय नाय, सगळा यंत्र करतला."

झालं. देवीला कौल लावला, उजवा मिळाला. शिवणीच्या लाकडाची जुनी, मुरलेली फळी होती, देवळाच्या माळ्यावर कधीची जपून ठेवलेली. तशी दुसरी नव्हती. हे तीन आठवडे वेलीची नक्षी कागदाच्या चौकटींवर उतरवत होते. जेवताना बोलत नव्हते. एकदा झोपेत "तीन नंबर" म्हणाले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. यंत्राचं काय व्हायचं ते होवो, पण हा माणूस त्या खळ्यातल्या मंडळींसमोर हरला तर पुन्हा मान वर करणार नाही, हे मला माहीत होतं. तीन वर्षं मी चेष्टा केली ती घरात. ती माझी हक्काची होती. बाहेरच्यांनी हसलेलं मला चालणार नव्हतं.

खंडेनवमीला हे सकाळच्या गाडीने कणकवलीला गेले, फ्यूजची तार आणि टेपचे सेल आणायला. जाताना म्हणाले, "यंत्राक हात लावू नको हां." मी कशाला लावते? पण दिवस कुठला होता? खंडेनवमीला घरातल्या हत्याराने विश्रांती घ्यायची आणि पूजा करून घ्यायची. मी कोयता धुतला, आडाळी धुतली, पाटा-वरवंटा, शिवणयंत्र, ह्यांची सायकल, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलं. नारळाच्या किशीने कोयता घासताना मनात आलं, उद्या ज्याच्यावर सगळं आहे ते तेवढं पूजेविना राहिलं. त्याला हात लावायचा नाही, हे ठीक. पण हत्यारं म्हणजे काही यंत्र नव्हे.

मी चकतीतून चारही हत्यारं काढली. मऊ फडक्याने पुसली, भुसा काढला, पाटावर तांदूळ पसरून त्यावर मांडली. हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडून खरोखर मनापासून म्हटलं की उद्या ह्यांची लाज राख. इतक्या वर्षांत त्या यंत्रासाठी मी प्रेमाने केलेलं हे पहिलं काम. पूजा झाल्यावर हत्यारं परत भोकात बसवली आणि पहिल्या भोकापाशी चकतीच्या काठावर एक बोट कुंकवाचं ओढलं. कशी बसवली? माझ्या स्वयंपाकघरात पळ्या, डाव, चमचे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने टांगलेले असतात. आधी ती चारही हत्यारं कशीतरीच, लहान-मोठी लावलेली होती. मी ती नीट लावली. आधी जाड, मग गोल, मग बारीक, शेवटी टोकदार. पुरुषांना कसलाच नीटनेटकेपणा नसतो, असंही मनात म्हटलं.

दसऱ्याला खळं भरलं. मानकरी, गुरव आणि काही काम नसलेली बरीच मंडळी. पडवीत फळी घट्ट बसवलेली, तिला हार. कॅसेटमधून अभंगाची ओळ आली, गुरवांनी हात जोडले, मग किंकाळी आली आणि त्यांनी ते सोडले. चकती डौलात फिरली. डोकं खाली आलं, एक नंबरमधलं हत्यार उचललं. मंडळींच्या तोंडून कौतुकाचा आवाज निघाला. हे यंत्राकडे पाठ करून मंडळींना समजावू लागले की आता टोकदार हत्यार केसासारखी बारीक रेघ मारत जाईल.

केसासारखी रेघ अंगठ्याएवढी रुंद होती. भुसा मानकऱ्यांच्या धोतरापर्यंत उडाला. ह्यांनी वळून बघितलं तोपर्यंत वेलीने दोन वळणं घेतली होती. हे संगणकाची बटणं दाबू लागले. पण संगणक कामात होता आणि कामात असताना तो कोणाचं ऐकत नसे. ह्यांचा हात भिंतीकडे गेला, जिथे पूर्वी तांबडं बटण होतं. तिथे आता एक खिळा होता. शेवटी मी धावत जाऊन घराचा मेनस्विच ओढला.

मानकरी पुढे झाले, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, ही वेल नाय. ह्या पडवळ झाला."

मंडळी हसली. हे त्यांच्यासमोर सरळ उभे राहून म्हणाले, "माजो प्रोग्राम चुकलो." मी तेव्हा चकतीकडे बघत होते. मोकळं झालेलं भोक पहिलं होतं आणि त्याच्या काठावर माझं कुंकू होतं. खोबरं खवताना ऐकलेलं ते बोलणं मला तेव्हा शब्दन् शब्द आठवलं. मंडळी खळ्यात पान खायला वळली, तशी मी पदराने चकती स्वच्छ पुसली. पदर निरीत खोचला. हे मी केलं, हे सांगायला तोंड उघडलं नाही. मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती.

संध्याकाळी देवीला पुन्हा कौल लावला. देवीने तीच फळी पसंत केली. तिलाही दुसरी नव्हती हे ठाऊक असणार. आता अर्धी फळी पडवळाची आणि अर्धी कोरी, म्हणजे उरलेलीही तशीच जाड कोरणं आलं. आधी हे आठ दिवस वही घेऊन आपला प्रोग्राम ओळ न् ओळ तपासत बसले. चूक सापडेना. ती तिथे नव्हतीच. मी चहात साखर जास्त घातली आणि त्या आठवड्यात एकही टोमणा मारला नाही. मग ह्यांनी तीच चूक नीट जुळून यावी म्हणून नवा प्रोग्राम लिहिला. हत्यारं हाताळताना, बोटांना लागलेली हळद पुसत, एकदा म्हणाले, "माजाच ध्यान नाय रवला गो." मी म्हटलं, "होता तसा कधीकधी." आयुष्यात मी इतकं हलकं वाक्य बोलले नाही. पालखी प्रदक्षिणेला निघाली की ते पडवळ मला पुढून जाताना दिसतं आणि मी हात जोडून खाली बघते.

वर्षभर हे दारावरच्या पाट्या कोरत राहिले. पालखीचं नाव घरात निघालं नाही. प्रकरण पुसलं गेलं, असं मी धरून चालले.

पुढच्या खंडेनवमीला मी कोयता घासत होते. हे बाहेर कुठे गेले नव्हते. पडवीतून हाक आली, "पूजा करूची आसा मां? ये." मी तबक घेऊन गेले. चारही हत्यारं काढून पाटावर मांडलेली होती. प्रत्येकाच्या पितळी बुडाला आणि चकतीच्या प्रत्येक भोकाशेजारी तांबड्या रंगाने आकडा काढला होता. एक, दोन, तीन, चार. मराठी आकडे, पहिलीच्या मुलांसाठी फळ्यावर काढतात तेवढे मोठे. भिंतीवर खिळ्याच्या जागी जुनं तांबडं बटण परत आलं होतं.

ह्यांना क्रम पाठ होता. घरात तिसरं माणूस नव्हतं. मी चकतीवरच्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "हे नंबर कोणासाठी?"

"यंत्रासाठी," हे म्हणाले.

"यंत्राक मराठी वाचूक येता?"

"शिकतला हळूहळू."

मी खाली बसले आणि एक नंबरपासून कुंकू लावायला घेतलं.