काकांची खरखर

त्याने लिहिलेला पहिला कामाचा प्रोग्रॅम इतका चोख चालला, की त्यात त्याचे काका पुसले गेले.

प्रोग्रॅम साधा होता. रेकॉर्डिंगमधली खरखर काढायची. पंखा, खुर्चीची करकर, रस्त्यावरचे हॉर्न, ठरावीक पातळीखालचं जे असेल ते छाटायचं, उरलेलं जोडायचं आणि फाइल त्याच नावाने साठवायची. मावशीची अख्खी मुलाखत त्याने त्यातून काढली. जागा पुरेना म्हणून फोनमधलं मूळ रेकॉर्डिंगही उडवलं. मूळ साधनाला हात लावू नका, हे इतिहासाच्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. आधी कॉपी ठेवा, हे कॉम्प्युटरच्या सरांनी. दोन्ही विषयांचा पहिला धडा एकच निघाला आणि या गड्याने तो दोन्हीकडे चुकवला.

इतिहास आणि कॉम्प्युटर सायन्स अशी जोडपदवी घेणारा कॉलेजात तो एकटाच. इतिहासवाले त्याला 'मशीन' म्हणत आणि कॉम्प्युटरवाले 'इतिहासजमा'. दोन इमारतींच्या मध्ये सायकल स्टँड होता. त्याचं बरंचसं शिक्षण तिथून धावतानाच झालं. घरी वडील विचारत, "म्हणजे तू नक्की होणार कोण?"

"जुनं शोधणारा."

"मग त्यासाठी विजेचं बिल कशाला वाढवतोस?"

कौतुक होतं ते मावशीला. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, वायरी खोचायच्या बोर्डावर. काका लाइनमन. खांबावर चढून ते लाइन तपासत, "येतंय का ऐकू?" आणि ती बोर्डावरून सांगे, "येतंय, उतरा आता." लग्नाआधी दोघांमध्ये जे काही झालं ते एवढ्यावरच झालं, असं मावशीचं म्हणणं. "उतरले ते थेट आमच्या दारात!"

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्याने तिच्याकडून एक्स्चेंजच्या आठवणी घेतल्या. जेवणाच्या टेबलावर तिच्यासमोर फोनला जोडलेला माइक ठेवला. काका शेजारीच बसलेले. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कागद चुरगळल्यासारखा झाला होता. तरी ते मध्ये मध्ये बोलायचे, मावशी त्यांना झापायची आणि मुलाखत पुढे जायची. तो मात्र स्क्रीनवरच्या हिरव्या पट्टीकडे बघत होता. मावशी बोलली की पट्टी उसळे. काका बोलले की जागची हलत नसे.

"काका, तुमची वेगळी घेऊ," तो म्हणाला.

काकांनी हात झटकला. "माझं काय घेतोस? मी आपला खांबावरचा माणूस."

ती मुलाखत राहिलीच. परीक्षा आली, मग काका दवाखान्यात गेले, आणि तिथूनच गेले. प्रकल्पाला भरघोस गुण मिळाले. "काय स्वच्छ आवाज आहे!" असं परीक्षक म्हणाले तेव्हा हा लाजलासुद्धा.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर मावशीचा फोन आला. "तुझं ते रेकॉर्डिंग घेऊन ये रे. त्यांचा आवाज तेवढ्यातच आहे काय तो. बाकी सगळे नुसते फोटोच काढलेत मेल्यांनी."

तेव्हा त्याने ते पहिल्यांदा नीट ऐकलं. काका त्यात कुठेच नव्हते. मग पुसलेल्या फाइली परत आणणारं जे जे सॉफ्टवेअर सापडलं ते चालवून पाहिलं. पहिल्या वर्षाच्या नोट्स आल्या, मित्राचं भसाडं गाणं आलं. काका आले नाहीत. शेवटी तो तसाच मावशीकडे गेला.

"मावशी, एक घोळ झालाय गं."

"लाव तर आधी."

तिने हेडफोन जुन्या सवयीने एकाच कानाला धरला. तो दुसऱ्या बाजूने कान लावून बसला.

'तेव्हा बोर्डावर आम्ही दोघीच असायचो. बरं बाबा, तिघी. गप्प बसा हो, मला सांगू द्या.'

मावशीने त्याच्याकडे बघितलं. "मी काय भिंतीशी बोलतेय?"

"तुझ्या आवाजाखालचं सगळं कापलं गेलं. प्रोग्रॅमला ती खरखर वाटली."

तिने हेडफोन कानापासून दूर धरला. मग म्हणाली, "खरखरच होती रे. मीपण म्हणायचे ना, तुमची खरखर थांबवा, बातम्या ऐकू द्या."

तिने पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. या वेळी ती हाताने थांबवायची आणि म्हणायची, "इथे म्हणाले, तिघी." तो टाइप करत गेला आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणे प्रत्येक ओळीपुढे कंसात 'स्मरणावरून' लिहीत गेला. काका असे ओळीओळीने परत येऊ लागले. मावशीचा चेहरा जरा सैल झाला.

मग ते एक ठिकाण आलं. रेकॉर्डिंगमधली मावशी म्हणाली, 'हे आज सांगताय होय मला?' आणि हसत सुटली, हसता हसता तिला ठसका लागला.

"काय बरं म्हणाले होते?" मावशीने पुन्हा लावायला लावलं, पुन्हा ऐकलं. कपाळाला हात लावून बसली. "एवढं काय हसले मी? तू होतास ना इथेच?"

"होतो."

"मग?"

तो हातभर अंतरावर होता. त्याला हिरवी पट्टी आठवली. ती हललीही नव्हती.

"आठवून सांगतो," तो म्हणाला.

काकांच्या तोंडी शोभेल असं एखादं वाक्य रचून देणं त्याला जड नव्हतं, आणि मावशीने ते ओटीत घेतलंही असतं. म्हणूनच त्याच्याने ते होत नाही. काकांच्या त्या ओळीची जागा, पुढच्या कंसासकट, तशीच रिकामी आहे.

मावशीचा अधूनमधून फोन येतो. जेवण, तब्येत, नोकरी, सगळं विचारून होतं. ठेवायच्या आधी ती म्हणते, "आठवलं का रे?"

"नाही गं अजून. सांगतो."