डोळा दाखवा, मग बाटली

देवळाली प्रवरेत आमचं औषधाचं दुकान होतं. दुकान सासऱ्यांनी काढलेलं, गल्ल्यावर नवरा, आणि औषधं द्यायला मी, कारण फार्मसीचा डिप्लोमा माझ्याकडे होता. एकाहत्तर साल असावं. त्या वर्षी डोळ्यांची अशी साथ आली की गावात कुणी कुणाकडे धड बघेना. नुसतं बघितलं तरी डोळे येतात, ही सगळ्यांची ठाम समजूत. त्यामुळे ज्याचे डोळे आलेत तो घरात तोंड लपवून बसायचा आणि औषधाला भलताच कुणीतरी यायचा.

"डोळं आल्यात, बाटली द्या."

कुणाचे? "घरच्यांचं." घरातल्या कुणाचे? "समद्यांचंच." म्हणजे बाटली एक आणि डोळे घरभर! वर उरलेले थेंब शेजारी द्यायचे, माणुसकी म्हणून. माझं डोकं असं तापायचं की सांगता सोय नाही.

शेवटी मी नियमच केला. डोळा दाखवा, मग बाटली. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "अगं, औषधाला आलेल्या माणसाला तू दाखवायला आणलेल्या मुलीसारखं उजेडात बसवतेस!"

"बसवणारच," मी म्हटलं. "आणि नापसंत पडली तर डॉक्टरकडे पाठवणार."

तसंच करायची मी. दोन्ही डोळे लाल, चिपडं, सकाळी पापण्या चिकटलेल्या, पण नजर स्वच्छ, असं असेल तर ती साथ. साधे थेंब द्यायचे, उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळे पुसायला सांगायचं, टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा. आठवड्याभरात माणूस बरा होई. पण एकच डोळा लाल, आत ठणका, उजेड सोसवेना, दिसायला धुरकट, अशाला मी थेंब द्यायची नाही. काही गिऱ्हाइकं रागावून दुसऱ्या दुकानात गेली. गेली तर गेली.

अशीच एकदा वरच्या आळीतली एक बाई आली. उसाची शेती, खणखणीत आवाज, नाकात नथ. तिच्या धाकट्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं.

"सुनंचा डोळा आलाय. औशिद द्या."

"डोळा? एकच?"

"येकच हाय अजून. दुसरा येईल की मागनं."

"दुखतोय का?"

"आता डोळा आल्यावर दुखंल न्हाई तर काय हसंल?"

"तिला घेऊन या. मी बघते, मग देते."

बाई भडकली. "साथीच्या दिसात नव्या सुनंला रस्त्यानं मिरवू व्हय? लोकं तिच्या नावानं बोटं मोडतील. लई शिकलाया म्हून ऐकून घेतेय तुमचं." आणि ताडताड निघून गेली. मी मागून ओरडले, "मग डॉक्टरकडे तरी न्या!" तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मीही चिडले होते. बाई गेली, पण तो एकच डोळा काही माझ्या मनातून जाईना.

चार-पाच दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी हसत. कनवटीची एक छोटी बाटली काढून तिनं माझ्यासमोर टेकवली. "बघा, तुमच्याबिगर झालं काम. शेजारनीनं दिली. दुसऱ्याच दिशी लाली गेली."

मी बाटली उचलली आणि तिच्यावरचं नाव वाचलं. सूज उतरवणारे ते थेंब होते. लाली ते झटक्यात घालवतात, पण बुबुळाला जखम असेल तर ती आतल्या आत चिघळत जाते.

"दिसतंय का तिला नीट?"

बाईचं हसू मावळलं. मग म्हणाली, "धुरकट दिसतंय म्हनती. कालपासनं पुन्यांदा ठनकाय लागलाय."

मी नवऱ्याला दुकान बघायला सांगितलं आणि पायात चपला सरकवून तिच्याबरोबर निघाले. पोरगी माजघरात भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला दाराशी आणली, पदर बाजूला केला. डोळ्यातून पाण्याची धार. बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.

"काही लागलं होतं का गं?"

"वाढ्यांचा भारा उतरवताना पात लागली हुती." वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गुरांना घालायचे. त्याच्या पात्याची धार वस्तऱ्यासारखी.

"मग घरात सांगितलं का नाहीस?"

"आत्याबाईस्नी काय सांगू?" सासूकडे बघत ती म्हणाली. "समद्यांचंच डोळं लाल हुतं. मला वाटलं, माजापन आला."

सासू माझ्या तोंडाकडे बघत होती. "बाई, फूल पडलं का वो? डोळा जाईल का हिचा?" खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. मला तिला चार शब्द सुनवायचे होते, रस्ताभर जुळवतही आले होते. पण तिनं सुनेचा हात असा घट्ट धरून ठेवला होता की माझ्या तोंडून एवढंच निघालं, "डोळा चोळू नका, काही घालू नका, आत्ताच्या आत्ता नगरला चला."

मुलगा ऊस घेऊन कारखान्यावर गेला होता. आम्ही तिघीच एसटीत बसलो. धूळ जाऊ नये म्हणून सासूनं वाटभर आपला पदर सुनेच्या चेहऱ्यापुढे धरून ठेवला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, माझ्याकडची बाटली पाहिली आणि मान हलवली. "जखम चिघळलीय. वाचेल असं मी आज सांगत नाही." पोरीला तिथंच ठेवून घेतलं. तासातासाला थेंब घालायचे होते. सासू म्हणाली, "मी हाय," आणि खाटेशेजारी फरशीवर तिनं बैठक मारली.

पुढं मी माल आणायला नगरला गेले तेव्हा दवाखान्यात डोकावले. नेमकी तपासणी चालली होती. रात्रंदिवस जागून सासूचा चेहरा पार उतरला होता. ती डॉक्टरांच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर पदर दाबून, हूं की चूं नाही. डॉक्टरांनी सुनेचा चांगला डोळा तळहातानं झाकला आणि दुसरा हात तिच्यापुढे धरला.

"हं, सांग पाहू. किती बोटं?"

पोरगी बघतच राहिली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"बोटं ऱ्हाऊ द्या, डाक्टरसायेब," ती म्हणाली. "आमच्या आत्याबाई रडत्यात, त्यास्नी आधी बसाया द्या."