सोडलेला चहा

आमच्या घरात पिणं सोडलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे मी. नवरा दारू प्यायचा आणि चहा मी सोडला होता. हे ज्यांना विचित्र वाटेल, त्यांच्या घरात सासू आणि नवस या दोन गोष्टी एकत्र नांदलेल्या नसाव्यात.

लग्न होऊन मी नाशिकला इंदिरानगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले ते नव्वदीच्या सुरुवातीला. नवरा अंबडच्या एका कारखान्यात होता. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते, पण इथे एकेरीच लिहिणार आहे, तेवढी मोकळीक मला हवी. पहिली पाळी सुटली की तो दुपारी घरी यायला हवा. यायचा दिवेलागणीला, आणि कसा आलाय ते जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरून कळायचं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. शेजारणी म्हणायच्या, मग तू नशीबवान. नवरा पिऊन येतो, रडतो, सगळ्यांची माफी मागतो आणि जेवता जेवता ताटासमोर झोपतो, यात नशीब कुठे आलं ते मला अजून कळलेलं नाही.

सासूबाई विंचूरजवळच्या गावी राहायच्या. आमची मुलगी चालायला लागली त्या चैत्रात त्या आल्या आणि मला सप्तशृंगीच्या गडावर घेऊन गेल्या. नवरा आला नाही, त्याला ड्युटी होती. त्यांच्याकडची रीत अशी की देवीकडे काही मागायचं तर मागणाऱ्यानं आपली आवडती वस्तू सोडायची आणि मागणं पुरं होईपर्यंत तिला तोंड लावायचं नाही. देवीची ओटी भरून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"तू च्या सोड," त्या म्हणाल्या. "लय जीव हाय तुझा त्याच्यावर."

जीव होताच. माहेरी परसात गवती चहाचं बेट होतं. दुपारची कामं आवरली की आई त्याची पात तोडून आणायची, आलं ठेचायची, आणि मग तासभर आम्ही मायलेकी पायरीवर बसायचो. माझ्या दिवसातला तेवढाच वेळ कोणाच्या नावावर नसायचा. तो मी देवीपुढे ठेवला. सासूबाईंनी स्वतः सीताफळ सोडलं. सीताफळानं त्यांना दर वर्षी खोकला व्हायचा, त्यामुळे ते त्या तसंही खात नव्हत्या. ज्याची दारू सुटायची होती त्यानं काय सोडायचं, हा प्रश्न कोणी काढला नाही. घरी आल्यावर त्याला प्रसाद दिला, तो त्यानं डोळे मिटून खाल्ला.

चहा सोडल्यावर काय काय सुटतं ते मला नंतर कळलं. आमच्या इमारतीत चार वाजले की बायका एकमेकींकडे जायच्या, आणि बोलावणं एकच असायचं, "चहाला या." तिथे जाऊन चहा नको म्हटलं की प्रश्न येणार. उपास म्हणावं तर उपासालाही चहा चालतो. खरं सांगावं तर नवऱ्याची दारू चारचौघींत मांडावी लागणार. मी म्हणायचे, ॲसिडिटी आहे. दोन-तीनदा त्यांनी सरबत केलं, मग त्यांनाही कंटाळा आला आणि मलाही. चारच्या सुमाराला जिन्यात हसण्याचा आवाज यायचा आणि मी आत डाळ-तांदूळ निवडत बसायचे. निवडण्यासारखं काही नसलं तरी निवडायचे.

आणि चहा तर रोज करावाच लागायचा. सकाळी नवऱ्याचं डोकं जड असायचं, त्याला उठल्याबरोबर कप हातात हवा. मी आलं ठेचायचे, दूध उतू जाऊ नये म्हणून शेगडीजवळ उभी राहायचे, वास घ्यायचे आणि चव न बघता गाळून द्यायचे. कधी कधी इतका संताप यायचा की वाटायचं, ते पातेलं मोरीत उपडं करावं. केलं नाही. न जाणो, मी चुकले आणि त्यानं जास्त प्यायला सुरुवात केली तर? सासूबाईंचं म्हणणं ठरलेलं होतं. त्या आमच्याकडे आलेल्या असताना तो पिऊन आला की मला विचारायच्या, कुठे काही तोंडात गेलं का. म्हणजे प्यायचं त्यानं आणि तोंड तपासायचं माझं.

मुलगी चौथीत असताना त्याला कावीळ झाली आणि डॉक्टरांनी त्याला चांगलंच घाबरवलं. त्यानं खरोखर सोडली. दिवाळी कोरडी गेली, संक्रांत गेली. तो दुपारी घरी यायला लागला, मुलीला सायकल शिकवायला लागला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. चैत्रात सासूबाई म्हणाल्या, चला नवस फेडायला, आणि खाली उतरल्यावरच च्या घे. आम्ही सगळे गेलो. देवीपुढे त्यानं हात जोडले तेव्हा मी देवीकडे कमी आणि त्याच्याकडेच जास्त पाहत होते.

परतताना वणीच्या स्टँडवर नाशिकची गाडी यायला वेळ होता. सासूबाईंनी टपरीवर चहा सांगितला. नवरा पाय मोकळे करून येतो म्हणाला आणि गेला. कप माझ्या हातात आला. मी फुंकर घालत होते, इतक्यात तो परत आला, तोंडात बडीशेप चघळत. बडीशेपेचा वास वर होता आणि त्याच्याखाली तो दुसरा. सासूबाईंनाही आला.

"ठिव खाली," त्या म्हणाल्या. "नाय फिटला अजून."

मी म्हटलं, देवीपुढे तर ते शुद्धीत होते. त्या म्हणाल्या, देवीला पुढचं दिसतं. मग माझ्या हातातला कप त्यांनी घेतला, बशीत ओतला आणि पिऊन टाकला. पैसे दिलेले होते, वाया कशाला घालवायचा.

पुढे कारखान्यानं माणसं कमी केली, नवऱ्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. मुलगी कॉलेजात गेली. गॅलरीत मी कुंडीत गवती चहा लावला होता. त्याची पात मी इतरांच्या चहात घालायचे.

एका दुपारी तळमजल्यावरच्या काकू मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. नवरा घरी होता, अजून प्यायलेला नव्हता. मी तीन कप आणले. काकू म्हणाल्या, तुमचा कुठेय? मी ॲसिडिटी म्हणणार, एवढ्यात नवराच बोलला.

"तिला चहा आवडतच नाही. लग्न झाल्यापासून बघतोय."

तो थट्टा करत नव्हता. अगदी सहज, बायकोबद्दल आपल्याला माहीत असलेली एक गोष्ट सांगावी तसं त्यानं सांगितलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. पदर सारखा करून त्या बशीत बघत राहिल्या. काकू गेल्यावर मी त्याला विचारलं, आईंनी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं? तो म्हणाला, सांगितलं असेल, लक्षात नाही. वणीच्या स्टँडचं विचारलं तर म्हणाला, गाडीला गर्दी फार होती एवढं आठवतं.

मला रडू आलं नाही. भयंकर राग आला, त्याचा, सासूबाईंचा, आणि दर चार वाजता बंद केलेल्या आमच्या दाराचा. मी स्वयंपाकघरात गेले आणि एक कप पाणी ठेवलं. आलं, गवती चहाची पात, नेहमीची साखर. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, नवस हाय. तो पितो अजून."

"पितातच ना, आई," मी म्हटलं. "आता मीही पिते."

पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. पाक होता तो. इतकी वर्षं मी इतका गोड चहा लोकांना पाजत होते आणि एकानंही सांगितलं नव्हतं. तरी मी तो शेवटपर्यंत प्याले, गॅलरीत बसून, सावकाश.

संध्याकाळी नवरा बाहेर पडला. सासूबाई माळ ओढत बसल्या, पण कान जिन्याकडे होते. माझेही होते, उगाच नाकारणार नाही. दिवेलागणीला चपला वाजल्या. तो आला, रडला, माफी मागितली, ताटासमोर झोपला. रोजच्याइतकाच प्यायला होता. माझ्या चहानं त्याची दारू घोटभरही वाढली नव्हती. म्हणजे माझ्या न पिण्यानं इतकी वर्षं ती घोटभर कमीही झालेली नसणार.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी दाराला कडी न लावता तळमजल्यावर गेले. काकूंनी दार उघडलं, सरबत करू का म्हणाल्या. मी म्हटलं, चहा टाका, साखर कमी घाला.