चुन्यात शिजवलेला मका

माणसाचं वय वाढलं की त्याची हॉटेलं कमी होत जातात. माझी तीन उरली आहेत. सकाळच्या इडलीला जुन्या बसस्टँडजवळचं एक, तिथे चटणीत खोबरं असतं, खोबऱ्याची आठवण नसते. बायको कधी लेकीकडे गेली तर दुपारी मेलवीथीतली मेस. तिथला वाढपी रसम हवं का म्हणून विचारत नाही, तोंडाकडे बघतो आणि ओततो. तिसरा तिरुवैयारूचा मिठाईवाला. त्याच्या मूगडाळीच्या हलव्यासाठी मी अजूनही दहा-बारा किलोमीटर स्कूटर हाकतो आणि हलवा कोमट मिळाला तर भांडून परत येतो.

असा माणूस अडुसष्टाव्या वर्षी तंजावुरात मेक्सिकन जेवण शोधत फिरला. ओळखीच्यांनी यथेच्छ हसून घेतलं.

आम्ही इथले मराठी. पूर्वज राजांबरोबर आले आणि कावेरीचा भात खाऊन इथलेच झाले. घरात मराठी बोलतो, पण स्वयंपाकघरातल्या निम्म्या वस्तूंची नावं तमिळ, आणि आमचं बोलणं ऐकून पुण्याची माणसं गालातल्या गालात हसतात. मुलगा नोकरीसाठी मेक्सिकोला गेला आणि तिथली बायको करून बसला. मी वर्षभर फुरंगटून होतो. मग त्या मुलीची आई वारली, आणि पुढच्या वर्षी तिला दिवस गेल्याचं कळलं. माझ्या बायकोने फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "बाळंतपणास इकडेच ये. आई नाहीं तर मी आहें कीं." मुलाने भाषांतर केलं.

ती चौथ्या महिन्यात आली. मुलगा पंधरा दिवस राहून रजा संपली म्हणून परत गेला. जाताना त्याने तिला मला 'मामंजी' म्हणायला शिकवलं होतं. ते ती इतकं जपून म्हणायची की माझी फुरंगटण्याची सोयच राहिली नाही.

पण ती जेवेना. बायकोने साम्बार केलं, दहीभात केला, शेवया केल्या, बिनतिखटाचं सगळं केलं. ती दोन घास खायची, 'छान' म्हणायची, आणि पान तसंच राहायचं. पाचवा महिना सरत आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. आईचं वजन वाढत नाही, बाळाचंही नाही. हिला जे जातं ते द्या. इथे मिळत नसेल तर या महिनाभरात माहेरी पाठवा, पुढे एवढा लांबचा प्रवास नको.

माहेरी होतं कोण? एक मावशी, तीही दूरच्या गावी. शिवाय, खरं सांगतो, नातवंड माझ्या घरात जन्माला यावं असा माझा हट्ट होता. तो मी कुणापाशी बोललो नव्हतो.

एका दुपारी ती मागच्या पायरीवर बसून फोनमध्ये काहीतरी बघत होती. तिच्या आईची चित्रफीत. आईचं तोंड दिसतच नव्हतं, नुसते हात. हात मक्याच्या पिठाची भाकर थापत होते आणि थप थप आवाज येत होता. चित्रफीत संपली की ती पुन्हा लावायची. "हे खाशील?" मी विचारलं. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी मिळून आमची एक भाषा तयार झाली होती. "हे असेल तर मीठ लावूनही खाईन," ती म्हणाली.

झालं, मी कामाला लागलो.

मेडिकल कॉलेज रस्त्यावर एक कॅफे आहे. बाहेर मोठ्या टोपीवाल्या माणसाचं चित्र. आत टाको म्हणून जे आलं त्यात कडक पुरी, तिच्यात पनीर, कोबी आणि वर गोड सॉस. मालक समोर उभा राहून विचारत होता, अस्सल आहे ना? ती "फार छान" म्हणाली. घरी येऊन सगळं उलटून पडलं. मग त्रिचीच्या मॉलमध्ये गेलो. तिथला बरिटो म्हणजे सरळ सरळ राजमा भरलेला परोटा होता. मी मॅनेजरला बोलावलं. तो म्हणाला, सर, सगळ्यांना आवडतो. मी म्हटलं, ज्यांना ठाऊक नाही त्यांना आवडतो, ही बाई त्या देशची आहे, हिला विचारा. तिने माझी बाही धरून मला बाहेर ओढलं. शेवटी चेन्नईहून मक्याच्या तयार भाकरींची पाकिटं मागवली. तिने एक फोडलं, वास घेतला आणि घडी घालून ठेवून दिलं.

मला लाज वाटली. ज्या गावात कॉफी जरा निवली तर आम्ही पेला परत पाठवतो, त्या गावात एका पोटुशीला एक घास मिळत नव्हता. महिन्यातले बारा दिवस गेले होते.

त्या दिवशी जेवून मी पानाचा डबा घेऊन बसलो होतो. पानाला चुना लावत होतो. ती समोरून चालली होती ती थांबली. खाली बसली, डबीतला चुना बोटाच्या टोकावर घेतला, हुंगला, आणि मी नको नको म्हणेपर्यंत जिभेला लावला. तिच्या डोळ्यांत घळकन पाणी आलं. जीभ भाजली असं वाटून मी तुपासाठी बायकोला हाका मारल्या. ती मान हलवत होती. "मामंजी, हेच," ती म्हणाली. "आई मका ह्याच्यात शिजवायची."

माझा विश्वास बसला नाही. चुना भिंतीला लागतो, नाहीतर पानाला. मक्याचा आणि त्याचा संबंध काय? पण ती डबी सोडायला तयार नव्हती.

वाळका मका आमच्याकडे माणसांना मिळत नाही. मी कोंबडीखाद्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कोंबड्या किती? मी म्हटलं, सुनेला हवाय. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि चांगला निवडून दिला. चुना पानवाल्याकडून घेतला, पांढरा, गुलाबी नव्हे.

पातेल्यात पाणी, मका आणि चमचाभर चुना. पंधरा मिनिटांत पाणी हळद घातल्यासारखं पिवळं झालं आणि असा वास सुटला की देवघरातून बायको उठून आली. नव्या रंगवलेल्या घराचा वास आणि भाजल्या धान्याचा वास, दोन्ही एकदम. रात्रभर तो मका तसाच ठेवला. सकाळी तिने माझे हात पातेल्यात घालायला लावले. दाणे फुगले होते, आणि बोटांत चोळले की साल आपोआप सुटून वर येत होतं. मी थक्क झालो. जन्मभर मी चुना खाल्ला, मका खाल्ला. समुद्रापलीकडे कुणा बायांनी कधीकाळी ह्या दोघांची गाठ घातली होती, आणि मला पत्ता नव्हता. पातेल्यासमोर मी शाळेतल्या पोरासारखा उकिडवा बसून राहिलो.

मग घोटाळा झाला. मका ग्राइंडरमध्ये घातला, दगड फिरू लागला, आणि माझ्या बायकोने सवयीने पाणी ओतलं. पन्नास वर्षं इडलीचं वाटलेला हात, तो दगड फिरताना कोरडा कसा राहणार? सुनेच्या लक्षात येईपर्यंत तांब्या रिकामा झाला होता. भाकरीचं पीठ गेलं, दोशाचं झालं. "अय्यो, काय केलें मी," म्हणत बायको तिथेच बसली. त्या पिठात मिरच्या घालून तिने अडै, म्हणजे जाड दोशासारखी, केली, मी चार खाल्ल्या, चांगली झाली होती. पण एक दिवस आणखी गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सगळं. तिसऱ्या सकाळी ग्राइंडर सुरू करण्याआधी बायको मला म्हणाली, "अहो, माझे हात धरा." मी धरले. आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, आणि आम्ही दोघं हातात हात घालून ग्राइंडरसमोर उभे राहिलो. सून पाण्याचा नुसता शिपका मारत होती. दगडाखालून पिवळा, मऊ गोळा निघाला.

तिने गोळी घेतली आणि दोन्ही तळव्यांत थापायला लागली. थप थप. फोनमधला तो आवाज आता आमच्या स्वयंपाकघरात येत होता. आमच्या घरात भाकर हा शब्द होता, भाकर नव्हती. माझ्या आईने थापली नाही, तिच्या आईने थापली नाही. पूर्वजांबरोबर आलेल्या बायकांचे हात थापत असतील, पुढे इथल्या भाताने ते विसरले. आणि आता पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाची पोर तंजावुरच्या मराठ्यांच्या घरात उभी राहून भाकर थापत होती. बायको तोंडाला पदर लावून उभी होती.

दोशाच्या तव्यावर ती भाकर टाकली. उलटली. पुन्हा उलटली, आणि ती टम्म फुगली.

"पहिली कावळ्यास," बायको म्हणाली.

आमच्याकडे रोज जेवणाआधी भाताचं शीत गच्चीच्या कठड्यावर ठेवतात, गेलेली माणसं कावळा होऊन येतात म्हणून. मी सुनेला ते समजावून सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, आमच्याकडेही गेलेल्यांना जेवण मांडतात, नोव्हेंबरात. मग तिने भाकरीवर मीठ टाकलं, सुरळी केली, मुठीत जरा दाबली. तिची आई तिला चुलीपाशी उभी असताना अशीच द्यायची. ती सुरळी तिने स्वतः वर नेऊन कठड्यावर ठेवली.

कावळा आला नाही. म्हणजे आला, रोजचाच, पण नारळावर बसून मान वाकडी करून बघत राहिला. बायकोने का का करून बोलावलं. तो हलेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. "का येत नाही?" सुनेने विचारलं. मी डोळ्यांनी खुणावत होतो, तरी बायकोच्या तोंडून गेलंच, "त्यांचें कांहीं मागें राहिलें असेल." एरवी ती मराठी सोडत नाही, पण हे मात्र तिने मोडक्या इंग्रजीतही सांगितलं. सुनेचा चेहरा उतरला. खाली तव्यावर बाकीच्या भाकरी भाजायच्या होत्या, आणि मला कळून चुकलं की आता ही त्यातली एकही खाणार नाही.

माझ्या वडिलांच्या दहाव्याला तिरुवैयारूच्या घाटावर कावळा असाच शिवेना. भटजी म्हणाले, आईला अंतर देणार नाही म्हणा. मी म्हटलं, ते करायचं असतं, कावळ्याला सांगायचं नसतं. तासभर उन्हात बसलो, आणि शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. मी बरोबरच होतो. पण ती गोष्ट मी विसरलेलो नाही.

मी कठड्यापाशी गेलो, नारळाकडे बघून हात जोडले. आमच्या मराठीतच बोललो, दुसरी कुठली येते मला?

"विहीणबाई, तुमची लेक आमच्या घरीं आहे. तिस उपाशी ठेवणार नाहीं. बाळंतपण तिस हवें तिथें होईल, मी अडवणार नाहीं." एवढं बोललो. कावळा बघतच होता. तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं, जे मी ठरवलं नव्हतं. "आणि बाळास घेऊन मी तुमच्या गांवीं येतों. मी स्वतः येतों."

बायकोने चमकून माझ्याकडे बघितलं. मी त्रिचीच्या पलीकडे जायलाही कंटाळतो.

कावळा उतरला. भुकेने उतरला असेल, आम्ही मागे सरलो म्हणून उतरला असेल. सुरळी चोचीत आडवी धरली आणि कालव्याच्या दिशेने उडून गेला. सून रडत होती आणि मोठ्याने हसतही होती. मला काय वाटलं ते सांगतो: भीती वाटली. देवळात वाटली नाही इतकी. मी बोललो होतो ते कुणीतरी ऐकलं होतं.

खाली आल्यावर तिने दुसरी भाकर भाजली, मीठ लावलं, सुरळी करून दाबली आणि माझ्या हातात ठेवली. "मामंजी." मी खाल्ली. मका होता, मीठ होतं, आणि सगळ्यांच्या तळाशी अगदी पुसट, माझ्या रोजच्या पानातला चुना. मग ती खायला बसली. सात खाल्ल्या. बायको मोजत नव्हती, पण मी बघत होतो.

ती गेली नाही. नात इथेच झाली. आता ती भाकरीचा तुकडा मुठीत घेऊन घरभर रांगते, आणि कोंबडीखाद्यवाला मला बघितलं की न विचारता मका तोलतो.

गेल्या महिन्यात पासपोर्टच्या कार्यालयात गेलो होतो. खिडकीमागच्या माणसाने माझं वय बघितलं, अर्ज बघितला, आणि तमिळमध्ये विचारलं, "अय्या, आत्ता ह्या वयात पहिला पासपोर्ट? कुठे जायचंय एवढं?"

मी म्हटलं, "विहीणबाईंना शब्द दिलाय."