दुसरा भाग मिळेपर्यंत

मला मनातल्या मनात वाचता येत नाही. ओठ हलतात आणि आवाजही येतोच. चौथीपर्यंत शाळेत सगळ्यांना एका सुरात मोठ्याने वाचायला लावत, ती सवय तशीच राहिली. त्यामुळे गेल्या वर्षभरात मी जे वाचलं ते सासूबाईंनीही ऐकलं.

पुस्तकं मुलगी आणायची. ती महाडला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि तिथल्या एका वाचनालयाचं कार्ड तिच्याकडे होतं. आमच्या गावाहून, कापड्याहून, रोज एसटीने जायची. एकदा तिचं पुस्तक उचलून मी चार पानं वाचली ते तिने पाहिलं, आणि ठरवूनच टाकलं की एक आत्मचरित्र, एक तब्येतीचं किंवा मनाचं, एक कादंबरी, असं आळीपाळीने माझ्यासाठी आणायचं. मला कुणी विचारलं नाही. मीही नको म्हटलं नाही.

यांची कारखान्यात दुसरी पाळी असली की दुपारी घर शांत असायचं. मी ओटीवर भिंतीला टेकून वाचायची आणि सासूबाई समोर बसून भिजवलेले वाल सोलायच्या. त्यांना वाचता येत नाही. पुस्तक म्हणजे पोथी, एवढंच त्यांना ठाऊक. श्रावणात देवळात पोथी लागते तेव्हा त्या जशा बसतात तशाच इथेही बसायच्या. पुस्तक उघडताना हात जोडायच्या, मिटताना जोडायच्या. कारल्याच्या रसाचे फायदे वाचायचे असले तरी हात जोडायच्या. एकदा सुरू केलेलं अर्ध्यावर टाकायचं नाही, हाही त्यांचा नियम. कंटाळवाणं पुस्तकसुद्धा त्यांनी मला शेवटपर्यंत वाचायला लावलं. मला एकटीला वाचायचं होतं, पण ते सांगायची हिंमत झाली नाही.

तब्येतीच्या पुस्तकांचा मला सगळ्यात जास्त राग आला. सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास स्वतःला द्या, असं लिहिलेलं. त्या अर्ध्या तासात पाणी कोण भरणार ते लिहिलेलं नाही. रात्रीचं जेवण सात वाजता उरका म्हणे. मी आठ दिवस श्वास मोजून पाहिले. दहाच्या पुढे गेले की चुलीवर काहीतरी उतू जायचं. एका पुस्तकात होतं की ज्या माणसांमुळे आपल्याला त्रास होतो त्यांच्यापासून लांब राहावं. माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं आणि मी थांबले.

सासूबाई वाल सोलतच म्हणाल्या, "वाच वाच. माझाच लिवलाय, पन लांब जानार कुठं? दोन खोल्या हायत."

आत्मचरित्रं वाचताना आधी रडू यायचं आणि पुस्तक संपेपर्यंत चीड यायची. सगळ्यांचं लहानपण हलाखीत गेलेलं. पण प्रत्येकाला कुणीतरी भेटलं. एखादे गुरुजी घरी येऊन वडिलांना समजावून गेले, एखाद्या आत्याने शहरात नेऊन शाळेत घातलं. मी वाचताना वाट बघायची की या पुस्तकातल्या मुलीला तरी कुणी भेटू नये. माझ्या माहेरी, पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीत, पाचवीची शाळा नदीपलीकडे होती. मी चौथी पास झाले, निकालाचा कागद घरी आणला, वडिलांनी तो पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून मी गुरांमागे गेले. कुणी समजवायला आलं नाही. यात कुणाला वाईटही वाटलं नाही, मलासुद्धा नाही. ते आत्ता, पुस्तकं वाचल्यावर वाटायला लागलं. हा वाचण्याचा फायदा म्हणायचा का तोटा, मला ठरवता येत नाही. एका बाईंनी आपलं घर अगदी साधं होतं असं लिहिलंय, आणि दोन पानांनंतर त्यांच्या साध्या घरात स्वयंपाकाला बाई आहे.

कादंबऱ्या त्यातल्या त्यात बऱ्या. एक दोन भागांची होती. बंदराच्या गावात एका कुटुंबाची खानावळ आणि ती चालवणारी थोरली सून. वीस वर्षं राबते, कुणी तिला बस म्हणत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी ती भर जेवणाच्या वेळेला खानावळीला बाहेरून कुलूप लावते आणि किल्ली घेऊन निघून जाते. तिथे पुस्तक संपतं. मी पान उलटून पाहिलं. मागे कोरा कागद होता.

सासूबाई म्हणाल्या, "येल ती परत."

मी म्हटलं, नाही येणार. सासूबाईंना मी असं उलट कधी बोलले नव्हते. त्यांनी सोलायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर आठवडाभर आम्ही त्यावरूनच बोलत होतो. ती कुठे जाईल, तिच्याकडे कपडे होते का, किल्ली ती नदीत टाकेल की जपून ठेवेल.

तेवढ्यात मुलीची परीक्षा संपली, पुण्याला नोकरी लागली आणि जायच्या गडबडीत ती पुस्तक परत करून कार्ड बंद करून आली. तिला वाटलं, आईचं आता पुष्कळ वाचून झालं. फोनवर म्हणाली की तूच जाऊन तुझं कार्ड काढ ना, पंधरा मिनिटांचं काम आहे.

तिला ते पंधरा मिनिटांचं वाटतं. मी एसटीत बसल्यापासून एकच वाक्य घोकत होते, मला सभासद व्हायचंय. वाचनालयात खिडकीशी एक माणूस बसलेला आणि लांब टेबलावर सातआठ पुरुष पेपर वाचत होते. बाई एकही नव्हती. त्या माणसाने चष्म्यावरून पाहून विचारलं, "कुणासाठी हवंय?" आणि माझ्या तोंडून निघालं, "मुलीसाठी." तो म्हणाला, मग मुलीलाच पाठवा, सही लागते. मी बरं म्हणून बाहेर आले. स्टँडवर बसून मला इतकी चीड आली की कापड्याची एसटी समोरून गेली तरी उठले नाही. वर्षभर धाडसाची पुस्तकं वाचली आणि तोंडातून एक शब्द नीट निघेना.

घरी सांगितलं, वाचनालय बंद होतं.

"वाचनालय नाय गो," सासूबाई म्हणाल्या. "तुझा तोंड बंद व्हता. पोथी अर्धी ठेवलीस तू माझी."

दोन रात्री त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्याने पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, माझ्यासाठी. त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं, आणि ते इतकं मोठ्याने निघालं की टेबलावरचे पेपर खाली झाले. त्याने फॉर्म दिला. शिक्षणाच्या रकान्यात चौथी लिहायला मला वेळ लागला, पण लिहिलं. मग खाली जुन्या सभासदाची ओळख म्हणून सही हवी होती. मुलगी आता सभासद नव्हती. फॉर्म घडी घालून परत घेऊन आले.

गावात सभासद म्हणजे एकच, आमच्या वाडीतले निवृत्त गुरुजी. त्यांच्याशी मी लग्न झाल्यापासून पदर सावरण्यापलीकडे काही केलेलं नाही. त्यांच्या अंगणात उभी राहिले. त्यांनी फॉर्म हातात घेऊन वाचला, सगळा, शिक्षणासकट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते एवढंच म्हणाले, "तुमच्या सासूबाई सांगत असतात. देवळातल्यापेक्षा आमच्या घरची पोथी बरी म्हणे." आणि सही केली. देवळातली पोथी तेच वाचतात.

दुसरा भाग मिळाला. त्याच दुपारी वाचायला बसलो. सासूबाईंनी हात जोडले. तिसाव्या पानावर थोरली सून परत आली. का आली, मधे कुठे होती, किल्लीचं काय केलं, काही लिहिलेलं नाही. येते, पदर खोचते आणि भाकऱ्या थापायला बसते. पुढचं सगळं पुस्तक तिच्या नातवाचं, तो शहरात प्रेमात पडतो त्याचं.

"म्हटला नव्हता?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं सुख होतं. मग आणखी चार वाल सोलून म्हणाल्या, "पन असा कसा सांगत नाय काय झाला ता?"

नियमाप्रमाणे शेवटपर्यंत वाचलं. नातवाच्या प्रेमात सासूबाई दोनदा पेंगल्या. मी पेंगले नाही, रागाने वाचत राहिले. एवढ्यासाठी मी त्या खिडकीशी तीनदा उभी राहिले, त्या अंगणात उभी राहिले.

परत करायला गेले तेव्हा त्या माणसाने शिक्का मारता मारता सवयीने विचारलं, "कसं वाटलं?"

"दुसरा भाग लिहायला नको होता," मी म्हटलं. "ती बाई आली नसती."

त्याने मान वर केली. त्याने तो वाचला नव्हता. काय होतं त्यात, म्हणाला. मग मी त्याला पहिल्या भागापासून सांगायला घेतलं आणि माझी चारची एसटी चुकली.